हसणारे कोण होते?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरी चौरंग निघतो, पोथीवरचं लाल वस्त्र धुऊन वाळत पडतं आणि दत्तजयंतीच्या आधी सात दिवस श्रीगुरुचरित्राचं पारायण बसतं. वाचतो मी. ऐकायला कधी घरातली माणसं असतात, कधी शेजारच्या दोन वयस्क बायका येऊन बसतात. गेल्या वर्षी सातवीत शिकणारी माझी नात शाळेला जायच्या आधी तासभर येऊन बसायची. वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नाही हे तिला माहीत आहे. म्हणून तिनं प्रश्न मनात धरून ठेवला आणि संध्याकाळी आरती झाल्यावर विचारला.

"आजोबा, त्या मुलाला लोक हसले ना, ते हसणारे कोण होते? त्यांची नावं आहेत का पोथीत?"

मी म्हटलं, "नाहीत गं. लोक म्हणजे लोक. गावातले."

"मग त्यातला एकसुद्धा त्याच्या बाजूनं बोलला नाही?"

दत्तभक्तहो, मी वर्षानुवर्षं ही पोथी वाचतो आहे. अध्यायांची फळं मला पाठ आहेत. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरं सांगायचं तर पडायला हवा होता, कारण मी स्वतः माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आहे.

तो अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कृष्णेच्या पात्रातलं कुरवपूर. तिथं श्रीपाद श्रीवल्लभांचा वास. एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा बुद्धीनं मंद निघतो. बाप शिकवून थकतो, मारतो, आई मध्ये पडते. पुढे बाप जातो. मायलेकरं भिक्षेवर दिवस काढतात. आणि गावातले लोक त्या मुलाला म्हणतात, वाडवडील केवढे विद्वान आणि तू असा, यापेक्षा पाणी वाहा, लाकडं आण. मुलाला ते सहन होत नाही. तो जीव द्यायला निघतो, आणि त्याची आई, अंबिका, त्याला अडवत नाही. तीही त्याच्याबरोबर नदीकडे चालू लागते. पुढची कथा आपण जाणतो. महाराज त्यांना थांबवतात, आईला शनिप्रदोषाचं माहात्म्य सांगतात, मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात.

हा आठवा अध्याय. आणखी पुढे गेलं की सतरावा येतो. तिथं करवीर क्षेत्रातला एक पोरका मुलगा आहे. त्यालाही विद्या येत नाही, त्यालाही लोक हिणवतात. तो गाव सोडून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात येऊन बसतो आणि शेवटी आपली जीभ कापून देवीच्या पायाशी ठेवतो. देवी त्याला पलीकडच्या तीरावर, औदुंबरी, श्रीनृसिंहसरस्वतींकडे पाठवते. महाराज त्याच्याही मस्तकावर हात ठेवतात.

सप्ताहाच्या पहिल्या दोन दिवसांतच हे दोन्ही अध्याय वाचून होतात. आपण त्यात गुरुकृपा बघतो, आणि ती आहेच. पण नातीच्या प्रश्नानंतर मी ते दोन अध्याय पुन्हा काढून बसलो, तेव्हा दुसरी एक गोष्ट दिसली. या दोन मुलांना नदीपर्यंत आणि सुरीपर्यंत कोणी नेलं? मंदबुद्धीनं नाही. मंदबुद्धी माणूस सुखानं जगू शकतो, गुरं राखतो, शेत करतो, चार माणसांत हसतो-बोलतो. त्यांना तिथवर नेलं ते लोकांच्या हसण्यानं. बुद्धीचा कमीपणा देवाघरचा म्हणा, प्रारब्धाचा म्हणा. पण हसणं तर माणसांचंच होतं. आणि ते टाळता आलं असतं.

आता माझं सांगतो. उत्सवाच्या अंकात असं लिहावं की नाही, मी बराच विचार केला. पण गुरूच्या दारात उभं राहून आपलं झाकायचं तर मग दारात कशाला जायचं?

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. आठवीचा वर्ग, मराठीचा तास. एक मुलगा होता, पहाटे म्हशीची धार काढून, दूध डेअरीवर घालून शाळेत यायचा. त्याला मी धडा वाचायला उभं केलं. त्याला अक्षरं नीट लागायची नाहीत. एक शब्द जुळवेपर्यंत मागचा विसरायचा. दोन ओळींत पाच मिनिटं गेली. मला पुढचा भाग संपवायचा होता. मी म्हणालो, "अरे, तुझ्या म्हशीला आणलं असतंस तरी तिनं एव्हाना वाचून दाखवलं असतं."

वर्ग हसला. खूप हसला. मलाही बरं वाटलं, कारण तरुण मास्तराला वर्ग हसला की आपण मुलांचे लाडके झालो असं वाटतं. मुलगाही जरा हसला. मी त्याला खाली बसवलं आणि दुसऱ्याला उभं केलं.

त्या दिवसापासून त्या मुलाचं नाव 'म्हैस' पडलं. मैदानात म्हैस, नळावर म्हैस, डब्याच्या सुट्टीत म्हैस. मला ते कळत होतं. मी एकदोनदा मुलांना रागावलोही. पण मुलं काही वेडी नसतात. हे नाव कोणी ठेवलं ते त्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रोज गैरहजेरी लागत गेली. महिन्यानं मी एकदा त्याच्या वस्तीवर गेलो. तो गोठ्यात होता, बाहेर आला नाही. त्याची आई दारात आली, पदर सावरत म्हणाली, "सर, त्यो न्हाई म्हनतो. तिथं समदी हसत्यात म्हनतो."

समदी. त्यात मी आलो.

अंबिका आपल्या मुलाबरोबर नदीकडे निघाली तशीच ही आई दारात उभी होती, आणि मी त्या गावातल्या लोकांतला एक होतो. पोथीत त्यांची नावं नाहीत. एक नाव मला माहीत आहे, इतकंच.

या प्रसंगानं मला एक गोष्ट शिकवली, आणि पुढच्या सगळ्या नोकरीत ती मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली. वर्गात कोणी अडखळलं, कोणाची चड्डी फाटली, कोणाचा उच्चार गावंढळ झाला, की मुलं लगेच हसत नाहीत. बारकाईनं बघा. ती क्षणभर थांबतात आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघतात. तो चेहरा हलला की वर्ग फुटतो. तो चेहरा शांत राहिला, अडखळणाऱ्याकडे वळून 'सावकाश वाच, घाई नाही' म्हणाला, की वर्गही शांत बसतो. मुलांच्या अंगात निष्ठुरपणा नसतो असं मी म्हणत नाही, असतो. पण त्याला परवानगी लागते, आणि ती परवानगी मोठ्यांच्या चेहऱ्यावर असते.

आपण विचारतो, मुलांना दया शिकवता येते का? माझं उत्तर असं, की पाठ देऊन फारशी येत नाही. भिंतीवर सुविचार लिहून येत नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांच्या खोल्या स्वतः आवरून ठेवत, असं आपण वाचलं आहे. त्यांनी स्वच्छतेवर व्याख्यान दिलं असतं तर मुलं ऐकून विसरली असती. गुरुजींना आपला पसारा उचलताना बघणं मुलांना विसरता येईना. दयेचंही तसंच.

इथं 'दया' या शब्दाविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण मोठा घोटाळा इथंच होतो. 'बिचारा' म्हणणं म्हणजे दया नव्हे, ती कीव. कीव वरून खाली येते. ज्याची कीव केली जाते त्याला ती हसण्याइतकीच बोचते, कधी जास्तच. पुढे एका वर्षी मी अभ्यासात मागे पडलेल्या मुलाशेजारी एका हुशार मुलाला बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "याला जरा सांभाळून घे." त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. मी चांगलं करायला गेलो आणि त्याला वर्गापुढे लहान करून बसलो.

मग दया कशी असते? ती आपल्या परंपरेतच सांगितली आहे. यदुराजानं अवधूताला विचारलं, तुला हा आनंद कुठून मिळाला? अवधूतानं चोवीस गुरू सांगितले. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा संवाद. देवगिरीच्या दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराज यांनी तो मराठीत उलगडून सांगितला. ते चोवीस जण आठवून बघा. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, मासा, कोळी, बाण घडवणारा लोहार, पिंगला वेश्या, एक लहान मूल. यातला एकही जण स्वतःला गुरू म्हणवत नव्हता. एकालाही कोणत्या परीक्षेत पहिला नंबर मिळाला असता असं वाटत नाही. जग ज्यांच्याकडे ढुंकून बघत नाही त्यांच्याकडून काय घ्यायचं, हे अवधूताला कळलं. त्यानं अजगराची कीव केली नाही, तो अजगराकडून शिकला. दुसऱ्याकडे अशा नजरेनं बघणं, मला वाटतं, हीच वर्गातली दया. शेजारच्या बाकावरचा हा आपल्याला काहीतरी देऊ शकतो, एवढं ज्या मुलाला उमजलं, ते मूल त्याला हसू शकत नाही.

हे सुचल्यावर मी एक वही सुरू केली. दर गुरुवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटं. प्रत्येकानं एका ओळीत लिहायचं: या आठवड्यात मी वर्गातल्या कोणाकडून काय शिकलो. पहिला महिना फसला. सगळ्यांनी त्या तीनचार हुशार मुलांचीच नावं लिहिली. याच्याकडून गणित, तिच्याकडून अक्षर. मग नियम केला, की वर्गातली सगळी नावं एकदा येऊन गेल्याशिवाय तेच नाव पुन्हा लिहायचं नाही. आता मुलांना मागच्या बाकांकडे वळून बघावं लागलं. आणि वहीत मजा यायला लागली. कोणी लिहिलं, याच्याकडून सायकलची उतरलेली चेन हात काळे न करता बसवायला शिकलो. कोणी लिहिलं, तिच्याकडून शिकले की डब्यातली चटणी मागायच्या आधी पुढे करायची. एका मुलीनं लिहिलं, पावसात माझी चप्पल गाळात अडकली तेव्हा सगळे पुढे गेले, हा थांबला, थांबायला शिकले.

वहीनं सगळं पालटलं असं मात्र समजू नका. एका गुरुवारी एका खोडकर मुलानं एकाचं नाव घालून लिहिलं, 'याच्याकडून वर्गात झोपायला शिकलो.' ते मोठ्यानं वाचलं गेलं आणि चाळीस डोळे माझ्याकडे वळले. तोच जुना क्षण पुन्हा माझ्यापुढे आला. हसू मलाही आलं होतं, खोटं कशाला बोलू. ते मी गिळलं आणि त्या झोपणाऱ्या मुलाला विचारलं, "किती वाजता उठतोस रे?" तो म्हणाला, "तीनला. बापाबरोबर भाजी घेऊन बाजारात जातो." वर्गात कोणी हसलं नाही. ज्यानं लिहिलं होतं तो स्वतः उठला आणि ती ओळ खोडून आला. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

आता दोन आक्षेप. मंदिराच्या ओट्यावर बसून हे बोलताना मला ते नेहमी ऐकायला मिळतात.

पहिला असा: "अहो, जग काय कुणाची दयामाया करतं का? पोरं थोडी कणखर झाली पाहिजेत. आम्ही नाही का मार खाल्ला, बोलणी खाल्ली?" खाल्ली, मीही खाल्ली. पण हसून घेतल्यानं माणूस कणखर होतो हे मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही. काही मुलं खचली. काही, आपल्यापेक्षा दुबळा कोण आहे ते शोधून त्याला हसायला शिकली. ती कणखर दिसली, एवढंच. अवधूताचा पहिला गुरू पृथ्वी. लोक तिला नांगरतात, खणतात, तुडवतात, आणि ती धान्य देते. सहन करणं हे बळकटाचं लक्षण खरं, पण पृथ्वीला ते बळ कोणी तुडवून दिलेलं नाही. ते तिच्यात आधीच आहे. मुलात ते यायला आधी त्याच्या पाठीवर कोणाचा तरी हात लागतो.

सरकारनं २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा केला. त्याच्या सतराव्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींची मनाई आहे. छडी त्यानं बरीच कमी झाली. पण चेहऱ्यावरची रेष कायद्यात पकडता येत नाही. ती ज्याची त्यानंच सांभाळायची.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, पोथीतली दोन्ही मुलं शेवटी विद्वान झाली. महाराजांनी हात ठेवला आणि बुद्धी आली. आमच्या वर्गातला मुलगा मात्र कितीही माया केली तरी मंदच राहणार. मग त्या मायेचा उपयोग काय?

यावर मी पुष्कळ विचार केला. पोथी नीट बघितली तर हात आधी आला, विद्या मागून. महाराजांनी 'आधी चार श्लोक म्हणून दाखव, मग हात ठेवतो' असं म्हटलं नाही. त्या मुलाची योग्यता त्याच्या विद्वान होण्यात असती तर नदीकाठी त्याला थांबवायचं कारणच नव्हतं. एकनाथमहाराजांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं पोर उचललं, तेव्हा ते पुढे कोण होणार हे विचारलं नाही. माया ही गुंतवणूक नव्हे, की व्याज आलं तरच बरी.

आणि आणखी एक गोष्ट. त्या अंबिकेनं महाराजांसारखा पुत्र मागितला. महाराजांसारखा दुसरा कोण असणार? म्हणून पुढच्या अवतारी ते स्वतःच तिच्या पोटी आले. तीच कारंजाची अंबाभवानी आणि तिचा पुत्र श्रीनृसिंहसरस्वती. म्हणजे साऱ्या जगातून महाराजांनी आई निवडली ती, जिच्या मुलाला गाव हसलं होतं. आणि तो अवतार बालपणी कसा होता? ओंकाराशिवाय शब्द बोलत नव्हता. लोक म्हणू लागले, मुलगा मुका आहे. आईबापांचा जीव टांगणीला लागला. मुंज झाली तेव्हा मुखातून वेद आले. आपण ज्यांच्या पादुकांवर डोकं ठेवतो ते आजच्या एखाद्या वर्गात असते तर कोणत्या बाकावर बसवले गेले असते, याचा विचार करून बघा. माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी घरातलं. कारण शाळेतला चेहरा मास्तरांचा, तसा घरातला चेहरा आपला, आजी-आजोबांचा. नातवंडं शाळेतून आली की आपण पहिलं काय विचारतो? "किती पडले?" आणि लगेच, "शेजारच्याला किती?" आपल्याला ते कौतुक वाटतं. पण त्यात कोण वर कोण खाली हे मोजायची सवय आपणच लावतो. त्याऐवजी एखाद्या दिवशी विचारावं, "आज डबा कोणाबरोबर खाल्लास? एकटं कोण बसलं होतं?" घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या बोलण्याची नक्कल पोरानं केली आणि आपण खुदकन हसलो, तर तीच परवानगी उद्या वर्गात वापरली जाते. आपल्या महाप्रसादाच्या पंगतीत आपण सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय पहिला घास घेत नाही. शेजारचा कोण आहे, काय शिकला आहे हे कोणी विचारत नाही. मुलं तिथं आपल्या शेजारीच बसलेली असतात. ते त्यांना दाखवून सांगायला हवं, की बघ, वर्गसुद्धा असाच असतो.

त्या संध्याकाळी मी नातीला म्हशीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. ती गप्प बसली. मग मी विचारलं, "तुमच्या वर्गात आहे का गं असं कोणी?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आहे. एक मुलगी आहे. बोलताना अडखळते. मी हसत नाही हं आजोबा." थोडं थांबून म्हणाली, "पण मी काही बोलतही नाही."

मी तिला काही उपदेश केला नाही. मला तो अधिकारही नाही. एवढंच म्हटलं, की मलाही अजून त्या आईला उत्तर द्यायचं राहिलंय.

पारायणाच्या सातव्या दिवशी ती शाळेतून आली, हातपाय धुतले, देवापुढे बसली. आणि मी न विचारता म्हणाली, "आज डबा तिच्या बाकावर खाल्ला." मी पोथीला वस्त्र गुंडाळत होतो. म्हटलं, "काय बोललात?"

"फार काही नाही. तिला बोलायला वेळ लागतो ना. मी थांबले."

यंदाही पारायण बसेल. आठव्या अध्यायाशी मी जरा थांबेन. महाराजांपाशी मागणं एकच आहे: कोणाचं लेकरू अडखळेल तेव्हा आमचा चेहरा त्याच्याकडे वळलेला असू दे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥